जपलेली गाडी की झाकून ठेवलेली?

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली 27 वर्षे डेट्रॉइटजवळ राहतो. आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या आहेत. त्यांच्या दिवंगत पतीची 1976 सालची कॅडिलॅक एल्डोराडो, उघड्या टपाची, गडद लाल रंगाची आणि पांढऱ्या लेदरच्या आसनांची, त्यांच्या गॅरेजमध्ये आहे. काट्यावर 11,400 मैल दिसतात. पती गेल्यापासून, म्हणजे 9 वर्षे, ती आवरणाखाली उभी आहे. विक्रीचे सारे आजींचा पुतण्या पाहतो. तो 34,000 डॉलर मागतो आणि म्हणतो, की ही अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल, हिची किंमत वाढतच जाणार. पत्नीच्या मते हा दारात हत्ती बांधण्याचा प्रकार आहे. निवृत्तीनंतर गाडी कोल्हापूरला न्यावी, असेही मनात येते. काय करावे? – एक वाचक, मिशिगन

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचताना प्रथम कोल्हापूरचा दसराच आठवला. छत्रपतींची मेबॅक ही जुनी मोटार दसऱ्याच्या सोहळ्यासाठी बाहेर निघते, तेव्हा तिच्यासाठी रस्त्याच्या कडेला थांबणाऱ्यांत तुम्हीही लहानपणी असणार, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटते. ज्याच्या मनात जुनी गाडी अशी लहानपणीच घर करून बसली आहे, त्याला ‘घेऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नसतो, आणि मी तसे सांगणारही नाही. मात्र पुतण्याने जी दोन कारणे पुढे केली आहेत, म्हणजे ही ‘शेवटची’ आहे आणि ती फार थोडी धावली आहे, ती दोन्ही कारणे बाजूला ठेवूनच गाडीकडे पाहावे, असे माझे मत आहे.

‘शेवटची’ या शब्दाची गोष्ट तुम्ही राहता त्याच गावची आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन कारखान्यांनी उघड्या टपाच्या गाड्या एकामागून एक बंद केल्या. वातानुकूलन सर्रास मिळू लागले होते, हमरस्त्यांवरचा वेग वाढला होता आणि गाडी उलटली तर आतील माणसांचे काय, याविषयी सरकार कडक नियम आणील अशी धास्ती कारखानदारांना होती. अखेरीस एकट्या एल्डोराडोचे नाव उरले. 21 एप्रिल 1976 रोजी डेट्रॉइटमधील क्लार्क अ‍ॅव्हेन्यूच्या कारखान्यातून शेवटची गाडी समारंभपूर्वक बाहेर आली. त्या वर्षी अशा सुमारे 14,000 गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या अखेरच्या 200 गाड्या बाहेरून सर्वस्वी पांढऱ्या, बॉनेटवर लाल-निळ्या रेघा असलेल्या होत्या. तुमच्या आजींची गाडी गडद लाल आहे. म्हणजे ती त्या 200 पैकी नाही, हे उघड आहे. त्या पांढऱ्या गाड्यांची किंमत पुतण्या मनात धरून बसला असेल, तर ती त्याने सोडून द्यावी.

ही गाडी पुढे सोन्याच्या मोलाने विकली जाईल या भरवशावर तेव्हा अनेकांनी ती घेतली, काहींनी छापील किमतीवर भरघोस जास्तीचे पैसे मोजले आणि ती वापरण्याऐवजी कोठारात ठेवून दिली. पुढे 1982 मध्ये क्रायस्लरने ले बॅरन ही उघड्या टपाची गाडी बाजारात आणली, आणि 1984 च्या मॉडेलपासून खुद्द कॅडिलॅकनेही एल्डोराडोची कन्व्हर्टिबल पुन्हा विक्रीला काढली. 1976 च्या गाड्या जपून ठेवणाऱ्यांपैकी काही जण आपली फसवणूक झाली म्हणून न्यायालयात गेले. त्यांच्या हाती काही लागले नाही. तेव्हा पुतण्या आज तुम्हाला जे सांगत आहे, तेच त्याच्या काकांना कोणीतरी 1976 मध्ये सांगितले असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता थोडा हिशेब मांडू. 1976 मध्ये या गाडीची मूळ किंमत 11,049 डॉलर होती. महागाई जमेस धरली, तर ती रक्कम आजच्या साधारण 60,000 डॉलरच्या बरोबरीची होते. पुतण्याने मागितलेले 34,000 पुरेपूर मिळाले, तरीही आजींच्या पतींनी या गाडीत घातलेल्या पैशाचे मोल निम्म्याच्या जवळ आले आहे. शिवाय इतक्या वर्षांचा विमा, गॅरेजची जागा आणि देखभाल यांचा खर्च यात धरलेलाच नाही. गुंतवणूक म्हणून गाडी घ्यायची असेल, तर विचार इथेच थांबवावा. हौस म्हणून घ्यायची असेल, तर पुढे वाचावे. सौ. वहिनींना हत्तीची उपमा सुचली, ती वजनाच्या दृष्टीनेही फारशी चुकीची नाही. ही गाडी सव्वादोन टनांच्या वर भरते.

कमी मैलांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक लोक फसतात ते इथेच. पहिली गोष्ट अशी, की त्या काळच्या या गाड्यांच्या काट्याला मैलांचे पाचच आकडे असत. 99,999 नंतर काटा पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे 11,400 म्हणजे 1,11,400 सुद्धा असू शकतात. इतक्या जुन्या गाडीच्या मालकीच्या कागदावर मैलांची कायदेशीर हमी नसते. म्हणून पुरावा गाडीतच शोधावा लागतो. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर कोणत्या कडेला झिजले आहे, चालकाच्या आसनाची डावी शिवण उतरण्या-चढण्याने किती घासली आहे, दाराच्या चौकटीत तेल बदलल्याच्या जुन्या चिकटपट्ट्या आहेत का, हे पाहावे. आजींकडे जुनी बिले असतीलच. त्या पिढीची माणसे कागद टाकत नाहीत. एकाच बिलावर तारीख आणि मैल दोन्ही लिहिलेले सापडले, तर ते पुतण्याच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समजा 11,400 हा आकडा अगदी खरा निघाला; तरी उभी राहिलेली गाडी जशीच्या तशी राहत नाही. धातू टिकतो, पण रबर, प्लास्टिक, तेल आणि पेट्रोल यांचे वय कॅलेंडरप्रमाणे वाढतच असते. मी स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वी, अशाच ‘गॅरेजमध्ये जपलेल्या’ एका गाडीच्या मोहात पडलो होतो. रंग आरशासारखा होता, आसनांवर सुरकुती नव्हती. घरी आणताना चाळीसेक मैलांवर गाडी एका बाजूला ओढू लागली आणि पुढच्या एका चाकातून धूर यायला लागला. ब्रेकची रबरी नळी आतून फुगली होती. पाय दाबला की तेल पुढे जाई, पण सोडल्यावर परत येत नसे, त्यामुळे ब्रेक लागलेलाच राही. बाहेरून ती नळी नव्यासारखी दिसत होती. त्या दिवसापासून उभ्या गाडीच्या रंगाकडे मी सर्वांत शेवटी पाहतो.

तुमच्या बाबतीत पहिली विनंती अशी, की पुतण्याला नवी बॅटरी बसवून गाडी ‘एकदा चालू करून दाखवतो’ असे करू देऊ नका. टाकीत नऊ वर्षांचे पेट्रोल असेल, तर ते आता पेट्रोल राहिलेले नाही. त्यात तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी इथेनॉल मिसळलेले असते, जे पाणी धरून ठेवते आणि जुन्या रबरी नळ्यांना खाते. टाकी रिकामी करून, नळ्या आणि फिल्टर बदलून, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून आणि इंजिन आधी हाताने फिरवून मगच ते चालू करावे. त्याआधी हवेच्या फिल्टरचे झाकण उघडून आत पाहावे. मिशिगनच्या हिवाळ्यात उबेच्या शोधात आलेले उंदीर तिथे संसार थाटतात आणि जाता जाता वायरी कुरतडतात.

इंजिन मुळात दणकट आहे. 8.2 लिटरचे, आठ सिलिंडरचे हे धूड त्या काळी मोटारगाड्यांत सर्वांत मोठे होते, तरी 1976 पर्यंत प्रदूषणाच्या नियमांमुळे त्याची ताकद 190 अश्वशक्तीवर आली होती. जास्तीचे पैसे भरणाऱ्यांना कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन मिळे, आणि त्यात 215 अश्वशक्ती होती. कागदावर दुसरे चांगले दिसते, परंतु त्या पहिल्यावहिल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे सुटे भाग आणि ते समजणारे मेकॅनिक दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. आजींच्या गाडीत साधा कार्ब्युरेटर निघाला, तर वाईट वाटून घेऊ नका. टायमिंग चेनच्या, म्हणजे इंजिनातील झडपांची वेळ जुळवणाऱ्या साखळीच्या, वरच्या चक्राचे दाते कारखान्यातून नायलॉनचे येत. पन्नाशीला पोहोचलेले नायलॉन ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे तेलाच्या पंपाकडे जातात. ते चक्र पूर्वी बदलले असल्याचा पुरावा नसेल, तर तो खर्च आपल्याच अंगावर आहे असे धरून चालावे. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून गिअरची पेटी त्याच्या बगलेत आहे आणि दोहोंमध्ये जाड साखळी आहे. त्यामुळे आत पायाशी जमीन सपाट मिळते, ही खरोखर सुखाची गोष्ट आहे. पण मेकॅनिक निवडताना ही रचना त्याने पूर्वी हाताळली आहे का, हे विचारून घ्यावे. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. त्यांपैकी मागच्या चाकांचे कॅलिपर (ब्रेकची चकती दाबून धरणारे भाग) मिळवणे हे या वर्षाच्या गाडीचे ठरलेले दुखणे आहे.

पत्र्याविषयी इतकेच सांगतो, की तुम्ही ज्या राज्यात राहता तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते आणि 1976 नंतरचे दोन-चार हिवाळे जरी या गाडीने पाहिले असतील, तरी त्याच्या खुणा खाली असणारच. गाडी लिफ्टवर चढवून चासीचा मागचा भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावा. डिकीचा गालिचा उचलावा. मागच्या आसनाखाली आणि टप घडी होऊन बसतो त्या खोबणीत पाणी साचते, म्हणून तिथेही हात घालून पाहावे. मागच्या मडगार्डच्या खालच्या कडेला कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे. बंपर आणि पत्रा यांच्यामध्ये कारखान्याने जे मऊ प्लास्टिकचे तुकडे बसवले होते, ते हात लावताच खारीसारखे चुरतात; त्याची काळजी करू नये, नवे मिळतात. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. टायर दिसायला कितीही नवे असोत, दहा वर्षांच्या पुढचे असतील तर त्यांवर गाडी रस्त्यावर आणू नये. आणि आकडे तीनच असतील, तर ते टायर 2000 सालाच्या आधीचे आहेत.

आता टप. यासाठीच तुम्ही ही गाडी घेणार, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. या पिढीच्या गाड्यांत टपाचा सांगाडा कात्रीसारखा आतल्या बाजूला दुमडतो, त्यामुळे मागच्या आसनाला पूर्ण रुंदी मिळते आणि मागे तिघे ऐसपैस बसतात. पण ही कात्री विजेच्या मोटरवर, दोन्ही बाजूंना जाणाऱ्या केबलींवर आणि छोट्या गिअरांवर चालते. दोन्ही बाजू एका गतीने हलल्या पाहिजेत. एक बाजू मागे राहिली आणि बटण तसेच दाबून धरले, तर सांगाडा पिळला जातो, आणि पिळलेला सांगाडा सरळ करणारे कारागीर फार थोडे उरले आहेत. नऊ वर्षे न हललेला टप थंडीत उघडू नये. कापड कडक झालेले असते आणि घडीवर चिरते. उबदार दिवशी, गाडी दुपारभर उन्हात ठेवून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, दोन बाजूंना दोन माणसे उभी करून तो सावकाश उघडावा. त्यातले एक माणूस वहिनी असाव्यात. टप उघडताना पाहून त्यांचे मत बदलण्याचा थोडासा संभव आहे, निदान तुमची बाजू कळण्याचा तरी आहे.

किमतीचे बोलायचे तर, संग्राह्य गाड्यांच्या दर-मार्गदर्शिकांत गाडीच्या अवस्थेप्रमाणे चार पायऱ्या केलेल्या असतात आणि पहिल्या-चौथ्या पायरीतले अंतर काही पटींचे असते. त्यात या गाडीची पायरी आधी ठरवावी. शिवाय लोक काय मागतात हे न पाहता लिलावांत प्रत्यक्ष काय मिळाले, ते पाहावे. मागणाऱ्याला कोणी अडवत नाही. माझ्या मते 34,000 ही प्रदर्शनात उभी करण्याजोग्या, चालत्या आणि कागदपत्रांनी भरलेल्या गाडीची मागणी आहे. नऊ वर्षे चाक न फिरलेल्या गाडीला ब्रेकच्या सर्व नळ्या, कॅलिपर, टायर, इंधनाची टाकी व नळ्या, टायमिंग चेन, शीतक आणि बहुधा टपाची दुरुस्ती एवढे सगळे एकदमच करावे लागते. जुन्या अमेरिकन गाड्यांवर काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून त्याचा लेखी अंदाज घ्यावा, तो चालत्या गाडीच्या भावातून वजा करावा आणि उरलेली रक्कम सांगून गप्प बसावे. तपासणीचा खर्च तुम्ही करावा. तो वाया गेला तरी स्वस्तच असतो. तपासणीआधी इसार मात्र देऊ नका.

इसाराचा विषय निघाला म्हणून एक नाजूक गोष्ट. मालकीचा कागद, म्हणजे टायटल, कोणाच्या नावावर आहे? दिवंगत पतींच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तो आधी आजींच्या नावावर व्हावा लागेल आणि सही त्यांचीच हवी. पुतण्याला परस्पर पैसे देऊन चालणार नाही. टायटलवरचा क्रमांक डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीशी जुळवून पाहावा. 1976 च्या एल्डोराडो कन्व्हर्टिबलचा क्रमांक ‘6एल67एस6क्यू’ असा सुरू होतो. त्यातील 67 म्हणजे उघडा टप. तिथे 47 दिसले, तर ती मुळात बंद टपाची गाडी आहे आणि टप कोणीतरी नंतर कापला आहे.

विमा घेताना दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवावा. ‘मान्य मूल्य’ असलेल्या पॉलिसीत गाडी गेल्यास आधी ठरलेली रक्कम पूर्ण मिळते. ‘घोषित मूल्य’ असेल तर कंपनी घसारा काढून हात आखडू शकते. संग्राह्य गाडीचा विमा स्वस्त असतो, पण रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी आणि बंद गॅरेज यांची अट असते. गॅरेजचे माप आधी घ्यावे. ही गाडी जवळजवळ पावणेएकोणीस फूट लांब आहे, आणि तुमच्या घरातल्या गॅरेजात गवत कापायचे यंत्र, सायकली आणि गणपतीची मखरे असतील, तर ती बाहेर काढल्याशिवाय दार लागणार नाही. पेट्रोलचे म्हणाल तर लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. मिशिगनमध्ये ऐतिहासिक गाड्यांची पाटी घेतल्यास एरवी मेळावे, प्रदर्शने आणि मिरवणुका यांपुरताच वापर करता येतो, मात्र ऑगस्ट महिन्यात कशासाठीही चालवण्याची मुभा आहे. त्याच ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ती प्रसिद्ध वारी निघते, तुमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर.

कोल्हापूरचा विचार मात्र सोडून द्यावा, असे स्पष्ट सांगतो. भारतात 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी आहे. 20,000 रुपये भरून ती 10 वर्षांसाठी मिळते, पण गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज चालवता येत नाही. शिवाय आयातीचे नियम वेगळे, जकात आणि जहाजभाडे वेगळे, आणि डाव्या बाजूच्या स्टीअरिंगसाठी मोटार वाहन कायद्यात इशारा देणाऱ्या साधनाची अट आहे. हे सर्व पार पडले तरी महाद्वाराच्या बोळात ती वळणार कशी, हा प्रश्न उरतोच. ही गाडी डेट्रॉइटमध्ये तयार झाली आणि तिचे सुटे भाग, जाणकार आणि चाहते अजून तिथेच आहेत. तिथेच ती चालवावी.

एक शेवटची चौकशी आजींकडेच करा, पुतण्याकडे नको. टप खाली घेतल्यावर त्याची घडी झाकण्यासाठी या गाडीला दोन तुकड्यांचे कडक झाकण मिळत असे. ते बसवले की मागचा भाग अगदी सपाट, मिरवणुकीतल्या गाडीसारखा दिसतो. ही झाकणे अवजड असल्यामुळे बहुतेक मालक ती काढून कुठेतरी ठेवतात आणि विसरतात, मग गाडी एकीकडे आणि झाकणे दुसरीकडे विकली जातात किंवा कचऱ्यात जातात. वेगळी विकत घ्यायला गेल्यास ती फार महाग पडतात. घर रिकामे होत आहे, म्हणून त्यांना आजच विचारा, की पांढरी किंवा लाल, गाडीच्या रुंदीची दोन मोठी झाकणे गॅरेजच्या माळ्यावर किंवा तळघरात भिंतीला टेकून उभी आहेत का.